आई म्हणाली, यंदा झाड नको

आज सकाळी आई म्हणाली, "यंदा झाड नको रे. कचरा होतो." डोकंच फिरलं माझं. नाताळ आणि घरात झाड नाही? आमच्या वसईत? आवाज चढलाच.

तसाच उठून बाजारात गेलो. दुकानात प्लॅस्टिकच्या झाडांची रांग. "दादा, कचरा अजिबात नाही, दहा मिनिटांत उभं!" हात लावला तर हिरव्या पट्ट्या बोटांना चिकटून आल्या. कचरा नाही म्हणे! आणि मोडल्यावर ते जाणार कुठे? ना कुजणार, ना चुलीत घालता येणार. हे तुम्हांला मी सांगायला नको, तरी आपल्याच घरांत ती खोकी माळ्यावर चढतात.

लहानपणी पप्पा किनाऱ्यावरून सुरूची फांदी आणायचे. सायकलच्या कॅरिअरला बांधलेली, शेंडा रस्त्यावर घासत यायचा. तेलाच्या डब्यात ओली वाळू भरून ती उभी करायची. दोन दिवसांत तिच्या सुईसारख्या पानांची गळती लागायची. चटईत सुया, गोधडीत सुया, गोठ्यातल्या बाळ येशूच्या अंगावर सुया.

मान्य, सुरू आता तोडू नये. किनाऱ्याची वाळू त्याच झाडांनी धरून ठेवलीय.

पण 'कचरा' हा शब्द टोचतो हो. 1223 साली असिसीकर संत फ्रान्सिसने इटलीत ग्रेचिओ गावी गोठा मांडला, त्यात खरा बैल होता, खरं गाढव, खरं गवत. तिथे कोणी केरसुणी घेऊन मागे उभं होतं का?

हे लिहिलं आणि हात थांबला. कारण आमच्याकडे उभं असायचं. आई. पप्पा फांदी आणायचे, आम्ही पोरं चांदण्या टांगायचो, आणि 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत वाकून वाकून झाडायची ती. फांदी बाहेर गेल्यावरही फेब्रुवारीत कपाटाखालून सुया काढत बसायची. आता तिला गुडघे वाकवताच येत नाहीत. आणि सकाळी मी तिच्यावरच ओरडलो.

दुपारी पडवीतला पप्पांचा लाकडी घोडा, म्हणजे उघडमिट होणारी दुहेरी शिडी, आत आणला. याच्यावरच चढून ते दरवर्षी दारातली चांदणी लावायचे. उघडला की आपसूक झाडाचा आकार. पुसला, पायऱ्यांना लाईटची माळ गुंडाळली, कागदी तारे लटकवले. पायांच्या मधोमध गोठा अगदी बेताचा बसतो. खाली एक कण पडत नाही. जानेवारीत माळ सोडायची, घोडा परत पडवीत. ज्यांच्याकडे घोडा नाही त्यांनी बांबूच्या कामट्या, वरची आखूड खालची लांब, सुतळीने एकाखाली एक बांधून भिंतीला टांगाव्यात. लहान घरात तेच बरं. कुंडीतलं झाडही चांगलं, पण वर्षभर सांभाळणार असाल तरच आणा.

आई बराच वेळ नुसती बघत राहिली. मग खालच्या पायरीवर हात ठेवून म्हणाली, "इथे चपला काढून चढायचे ते." थोड्या वेळाने विचारलं, "गोठ्याला नाचणी पेरायची ना?"

आज 12 तारीख. नाचणी भिजत घातलीय. उद्या परातीत माती घालून पेरेन, नाताळपर्यंत गोठ्याला हिरवळ होईल. माती सांडेल थोडी. ती मी पुसणार.