खुलासा : एप्लेरेनोननं 'एचआयव्हीचं पोट' उतरत नाही

कोल्हापुरात सध्या एक मेसेज फिरतोय : 'एचआयव्हीच्या गोळ्यांनी पोट सुटलंय? बीपीची एप्लेरेनोन घ्या, हार्मोन बंद, चरबी गायब.' परवा एकानं आमच्या मेडिकलच्या काउंटरवर मोबाइलच पुढं धरला. चिठ्ठी नव्हती, गोळी दिली नाही.

मेसेजात खऱ्याचा कण आहे. एचआयव्ही असलेल्यांत पोटाच्या आतली चरबी आणि अल्डोस्टेरॉन यांचा संबंध संशोधकांना दिसलाय. अल्डोस्टेरॉन म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन. एप्लेरेनोन त्याचा परिणाम अडवतं. पण चरबी उतरवायला ते मान्य औषध नाही.

खरी भीती वेगळीच. काही एआरटीत, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांत, रिटोनाविर नावाचं औषध असतं. त्यानं यकृतात एप्लेरेनोन मोडायचं थांबतं, ते रक्तात साचतं, पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ही जोडी वर्ज्य. कोट्रायमॉक्साझोल हे जंतुसंसर्गाचं औषध चालू असेल तरीही पोटॅशियम वाढू शकतं. वर रोज शहाळं, म्हणजे पोटॅशियमचं पाणीच, पिणारा असला तर बघायलाच नको!

काउंटरवर आलेल्या त्या माणसाच्या डबीवर टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर लिहिलेलं. डोल्युटेग्राविरवर काहींचं वजन वाढतं, हे खरं. म्हटलं, गोळी मनानं सोडू नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात वजन, साखर, कोलेस्टेरॉल दाखवा आणि तिथंच विचारा.