अणू, परमाणू आणि कवडशातली धूळ

तुमचा आक्षेप असा, की 'ॲटम'ला अणू म्हणणं ही मराठीची चूक आहे. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु, अणु म्हणजे मॉलेक्यूल (मराठीत रेणू), आणि वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या अनुयायांचा शब्दही परमाणूच.

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. 'प्राचीनांनी अविभाज्य कणाला अणू म्हटलं' हे माझं वाक्य ढिसाळ होतं, ते आज दुरुस्त केलं. छपराच्या फटीतून कवडसा पडला की त्यात धूळ तरंगताना दिसते ना? वैशेषिकांच्या हिशेबात त्यातला एक कण म्हणजे त्रसरेणू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, अशा तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू. म्हणजे त्याचा सहावा भाग परमाणू. तिथे थांबायचं का, तर विभागणी संपलीच नाही तर मेरू पर्वत आणि मोहरी दोघांचेही अवयव अनंत, मग लहानमोठं ठरणार कशावरून? हा युक्तिवाद मला आजही थक्क करतो.

पण म्हणून अणू चूक ठरत नाही. अणू हे मुळात 'बारीक' अशा अर्थाचं विशेषण. ते एका बारीक धान्याचंही नाव आहे. यजुर्वेदातल्या चमक या प्रार्थनेत व्रीही, यव, तीळ यांच्या रांगेत 'अणवश्च मे' येतं, ते हेच धान्य मागायला. आणि तुकोबा 'अणुरणीया थोकडा' म्हणतात, म्हणजे अणूहूनही लहान. 'याच्यापुढे काही नाही' असा दावा या शब्दाने कधी केलाच नाही.

तो दावा इतर दोन शब्दांनी केला. ग्रीक 'आटोमोस' म्हणजे न कापता येणारा. परमाणू म्हणजे बारीकपणाची परिसीमा. डाल्टनने १८०८च्या ग्रंथात ॲटम अविभाज्यच धरला होता. १८९७मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला आणि दोन्ही नावांचा शब्दार्थ त्या कणाला लागू पडेनासा झाला. 'बारीक' मात्र अजून खरं आहे! रेणू म्हणजे धूळ, अणूंनी बनलेली, त्यांच्याहून मोठी; तोही क्रम मराठीने नीट राखला.

अडचण खरी आहे ती दोन भाषांत शिकणाऱ्यांची. हिंदीत तारापूरचं केंद्र 'परमाणु', मराठीत 'अणुऊर्जा'. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाला 'अणू' वाचून मॉलेक्यूल आठवणारच. त्याला पहिल्याच तासाला हा फरक फळ्यावर लिहून द्यावा, शब्द बदलू नये.