टक्केवारीबद्दल तुमचं बरोबर, मोरोक्कोबद्दल नाही

सगळ्यात आधी, माझ्या आधीच्या लिखाणावर एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून थँक्यू. तुमचं म्हणणं असं की २०२२ च्या कतार वर्ल्ड कपच्या अंदाजांवर मी निकाल लागल्यावर टीका करतोय, आणि कुणी ब्राझीलला समजा १५ टक्के चान्स दिला तर तोच माणूस ८५ टक्के सांगतोय ना की ब्राझील जिंकणार नाही, मग ब्राझील क्वार्टर फायनलला क्रोएशियाकडून हरलं यात त्याचं चुकलं कुठे? मान्य, पूर्ण मान्य. "अंदाज सपशेल आपटले" हे माझं वाक्य चूक होतं, ते मागे घेतो.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की मोरोक्को सेमीफायनलला जाईल हे कुणाला कळणंच शक्य नव्हतं. सेमीफायनलचं सोडा हो, टीम चांगली आहे एवढं तरी कळायला काय अडचण होती? त्यांचा हकीमी पीएसजीला, मझरावी बायर्नला, झियेश चेल्सीला, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांत, आणि गोलकीपर बोनो तर सेव्हियाकडून खेळताना २०२१-२२ ला स्पॅनिश लीगमधला बेस्ट गोलकीपर ठरलेला, झमोरा ट्रॉफी मिळालेला. ही काय लपलेली माहिती होती का? कोच रेग्रागी ऑगस्टमध्ये आला, त्याच वर्षी मे महिन्यात त्याने विदाद या मोरोक्कोच्या क्लबला आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती, आणि आधीच्या कोचशी बिनसल्यामुळे बाहेर बसलेल्या झियेशला त्याने परत आणलं. तरी बहुतेक प्रीव्ह्यूमध्ये मोरोक्कोचा ग्रुप एफ म्हणजे बेल्जियम आणि क्रोएशिया, बाकी दोघं भरतीला, आणि माझा राग आहे तो यावर. टक्केवारी मांडणारा निदान सगळ्या टीम्सचा हिशोब तरी करतो, पेपर आणि चॅनेलवाले त्यातली वरची चार नावं उचलतात आणि महिनाभर तीच घोळवतात.

६ डिसेंबरची मोरोक्कोची स्पेनविरुद्धची मॅच आठवा, आपल्याकडे रात्री साडेआठला होती. १२० मिनिटं ०-०, मग पेनल्टी, साराबियाचा बॉल पोस्टला, सोलेर आणि बुस्केट्सचे बोनोने अडवले आणि शेवटची घ्यायला आला हकीमी, जन्म माद्रिदचा, रियाल माद्रिदच्या अकॅडमीत वाढलेला. त्याने जोरात मारलाच नाही, हलकेच चिप करून मधोमध टाकला. मी उभाच राहिलो होतो, आणि घरातल्या कुणालाच एक मिनिट बोलता येईना. सेमीफायनलपर्यंतच्या पाच मॅचमध्ये त्यांच्यावर गोल झाला एकच, तोही कॅनडाविरुद्ध स्वतःच्याच अगेर्डच्या पायाला लागून. पाच मॅच हे असं नुसत्या नशिबावर होत नाही, हे तुम्हालाही पटेल.

आणि जपानचं तुम्ही "फ्लूक" म्हणालात त्यावर एकच सांगतो. त्याच वर्ल्ड कपमध्ये त्यांनी जर्मनीला २-१ हरवलं त्यात गोल करणारे दोघं, दोआन आणि असानो, तेव्हा फ्रायबुर्ग आणि बोखुम या क्लबांत होते, म्हणजे जर्मन लीगमधलेच खेळाडू होते. जर्मनीतल्या पत्रकारांना त्यांना बघायला स्टेडियममध्ये जायचं होतं फक्त.