हिरवी शिल्लक

अरबी समुद्र आमच्या दादरच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे, आणि तरीही गेली दोन वर्षे मी मीठ विकत आणून, ते गाळलेल्या पाण्यात विरघळवून, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी बादलीत नवा समुद्र तयार करत असतो. हा उद्योग प्रथम दृष्टीस पडला तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून, "चौपाटीवर बादली घेऊन जायची तुला लाज वाटते का रे?" एवढेच विचारले होते. चौपाटीच्या पाण्यात मुंबई काय काय सोडते, याचे वर्णन जेवणाच्या वेळी नको म्हणून मी गप्प राहिलो. लिटरमागे 35 ग्रॅम, म्हणजे समुद्री माशांच्या आमच्या 180 लिटरच्या टाकीला सव्वासहा किलोंहून थोडे अधिक मीठ लागते, हे ऐकल्यावर आईने मात्र तेवढ्या मिठात किती वर्षांची लोणची झाली असती, याचा हिशेब तोंडी करून दाखवला.

टाकीत प्रवाळ नाहीत. कठीण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या पंगतीत, पहिल्या अनुसूचीत बसवलेले आहे, आणि दिवाणखान्यात वाघ बाळगण्याइतकी माझी ऐपत नाही. कोरडे सच्छिद्र दगड, पांढरी वाळू, संवर्धन केंद्रात जन्मलेले दोन क्लाउनफिश आणि एक निळा डॅमसेल मासा, एवढाच माझा संसार. निळ्या प्रकाशात पांढरे दगड आणि त्यांतून फिरणारे केशरी मासे, असे जे चित्र मनाशी रंगवून मी कर्जाइतका खर्च केला होता, ते प्रत्यक्षात जेमतेम तीन आठवडे टिकले.

प्रथम वाळूवर तपकिरी पूड धरली. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळ होते. त्यांची कवचे सिलिकाची, म्हणजे काचेच्याच गोत्राची असतात, आणि तो सिलिका मीच पहिल्या दिवशी अधीर होऊन ओतलेल्या नळाच्या पाण्यातून त्यांना पोचला होता. "टाकी वयात येतेय, साहेब," दुकानदार म्हणाला. तारुण्यपीटिका समजून मी त्या सोसल्या. त्या गेल्या आणि वाळूवर लालसर साय पसरली, तिच्यावर दुपारच्या वेळी बारीक बुडबुडे चमकू लागले. हे सायनोबॅक्टेरिया, शास्त्राप्रमाणे शेवाळ नव्हेतच, जिवाणू. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन मिसळण्याचे काम दोन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी यांच्याच पूर्वजांनी केले, तेव्हा मी ज्यांना नळीने ओढून बादलीत टाकत होतो, त्यांच्या घराण्याच्या उपकारावरच माझा श्वास चालला होता. नळी तोंडाने ओढायची असल्यामुळे त्यांपैकी काही उपकारकर्ते थेट माझ्या पोटातही गेले.

आणि मग खरे हिरवे, केसांसारखे लांब शेवाळ आले. आईला ते पहिल्या दिवशी गोड वाटले. "दगडांना जावळ आलं की रे!" म्हणून तिने कौतुकही केले. त्यानंतर दर रविवारी जावळ काढण्याचा विधी सुरू झाला. कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात बुडवून, जुन्या टूथब्रशाला शेवया गुंडाळाव्यात तसे शेवाळ गुंडाळायचे आणि मुळापासून ओढायचे, आणि आपण ओढतो आहोत तोवर निसटलेले चार धागे पाण्याबरोबर वाहत पलीकडच्या स्वच्छ दगडावर जाऊन बिऱ्हाड करताना बघत राहायचे. काचेसाठी चुंबकाचा घासणा होता. त्यात एकदा वाळूचा एकच कण अडकला आणि काचेवर जी चंद्रकोर उमटली, ती आजही पाहुण्यांना मीच आधी दाखवतो, म्हणजे त्यांना विचारावे लागत नाही.

भाडोत्री सैन्यही मागवून झाले. सहा टर्बो गोगलगायी आणल्या. त्या शेवाळ खातात हे खरे, परंतु चालताना वाटेत येणारी प्रत्येक वस्तू पाडतात, आणि स्वतः वाळूवर उताण्या पडल्या तर त्यांना बहुधा सुलट होता येत नाही. त्यामुळे रात्री दोन वाजता विजेरी घेऊन, कोणी उताणी पडली आहे काय, हे पाहण्याची गस्त माझ्याकडे आली. त्यांच्या जोडीला एक ब्लेनी मासा आणला. तो दिवसभर मन लावून दगड चरत असे आणि चरलेले तितक्याच निष्ठेने मागच्या बाजूने वाळूवर सोडत असे. बाबांनी सरकारी लेखा विभागात 34 वर्षे काढली आहेत. त्यांनी हा व्यवहार बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "रक्कम या खात्यातून त्या खात्यात वर्ग झाली. बाहेर कुठे गेली?"

मला ते तेव्हा समजले नाही. मी टाकीला तीन दिवस अंधारात ठेवण्याचा उपाय केला. दिवे बंद करून भोवती सोलापुरी चादर गुंडाळली. शेजारच्या काकू दारातूनच आत डोकावल्या आणि आवाज खाली आणून, "कोणाचं काही झालं का?" म्हणून विचारून गेल्या. चौथ्या दिवशी चादर काढली तर दगड लख्ख! आठ दिवसांनी मात्र पूर्वीपेक्षा दाट हिरवळ उभी राहिली, कारण अंधारात मेलेले शेवाळ टाकीतच विरघळले होते आणि पुढच्या पिकाला खत म्हणून उपयोगी पडले होते.

तेव्हा कोठे मी पाणी तपासले. माशांच्या खाण्यातून पाण्यात साठणारी शेवाळाची ही खते: नायट्रेट लिटरला 50 मिलिग्रॅम, फॉस्फेट अर्धा मिलिग्रॅम. फॉस्फेट एकदशांशाच्या आत असावे अशी अपेक्षा असते. बाबांनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले आणि लेखापरीक्षण आरंभले. एका रविवारी ते सकाळपासून टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. क्लाउनफिशची एक खोड अशी की, समोर कोणीही आले तरी तो काचेशी येऊन, सात जन्मांचा उपाशी असल्यासारखा अंग घुसळतो, आणि या अभिनयाला आमच्या घरात कोण कोण बळी पडते, याची नोंद संध्याकाळपर्यंत पूर्ण झाली. सकाळी मी, नाश्त्यानंतर पत्नी, खेळून आल्यावर मुलगी, देवपूजा आटोपल्यावर नैवेद्याच्याच भावनेने आई, फडके मारता मारता कामाच्या मावशी. सहावी नोंद सायंकाळी सातची होती, चिमूट सर्वांत मोठी होती, आणि तिच्यापुढे बाबांनी प्रामाणिकपणे स्वतःचे नाव लिहिले होते. "जमा सहा ठिकाणांहून," त्यांनी निष्कर्ष वाचून दाखवला, "आणि खर्च आठवड्याला बदललेलं दोन बादल्या पाणी. शिल्लक हिरवी दिसणारच."

मी त्याच रात्री फर्मान काढले: यापुढे खाणे दिवसातून एकदाच, आणि ते माझ्याच हातून. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सायंकाळी सात वाजता ते टाकीकडे पाठ करून बातम्या पाहू लागले.

खर्चाची बाजू वाढवणे सोपे नव्हते. गोठवलेल्या कोळंबीच्या वडीच्या पाण्यातही फॉस्फेट असते, म्हणून ती वितळवून गाळणीत धुवायची असते. त्यासाठी मी चहाची गाळणी वापरली हे पत्नीला चहाच्या पहिल्या घोटात कळले, आणि त्यानंतर आमच्याकडे लाल रेघ ओढलेली स्वतंत्र गाळणी आली. स्वयंपाकघरातला शुद्धीकरण यंत्राचा नळ पाण्यात मुद्दाम क्षार राखतो, म्हणून माशांसाठी वेगळे यंत्र बसले, ज्याचे पाणी क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य दाखवते. माणसे सत्तरवर राहिली. दिवे बारा तासांऐवजी सात तास लागू लागले. प्रथिने फेसातून वेगळी करणाऱ्या स्किमरच्या पेल्यात रोज काळ्या कॉफीसारखा जो द्रव साठतो, तो ओतण्याची वेळ सोसायटीतली खिडक्या-दारे बंद असतील अशी निवडावी लागली. आणि सर्वांवर कडी म्हणजे, मी 400 रुपये मोजून शेवाळ विकत आणले! कीटोमॉर्फा नावाचे हे शेवाळ तारेच्या घासणीसारखे गुंतवळ असते. ते टाकीमागच्या वेगळ्या कप्प्यात रात्रीच्या दिव्याखाली वाढवायचे, म्हणजे टाकीतल्या शेवाळाचा घास ते हिरावून घेते, आणि महिन्याला त्यातले मूठभर उपटून फेकले की तेवढे नायट्रेट-फॉस्फेट घराबाहेर जाते. आईला हे समजावून सांगण्याचा प्रयत्न मी केला नाही.

साडेतीन महिन्यांनी दगड पांढरे झाले. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी त्या चाचणीचे छायाचित्र काढून नातेवाइकांना पाठवले, आणि ते कशाचे आहे हे कोणालाही न समजता सर्वांनी अंगठे दाखवले.

पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी शेंबूड लोंबू लागला. तारा धरलेला, बुडबुड्यांनी भरलेला, रात्री नाहीसा होणारा आणि दिवे लागताच परतणारा. दोन गोगलगायी दगावल्या. मुलीच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला, तर बदामाच्या आकाराचे असंख्य जीव जागच्या जागी फुगड्या घालत होते. हे डायनोफ्लॅजेलेट. पाण्यात काहीच शिल्लक राहिले नाही की त्यांच्याशी जागेसाठी भांडणारे साधे शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात आणि मोकळ्या झालेल्या वाळूवर यांचे फावते. त्यावर उपाय असा की पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट थोडे थोडे पुन्हा येऊ द्यायचे, म्हणजे खाणे वाढवायचे.

"बँकही शून्य शिल्लकीला दंड लावते," बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले.

"बाबा, तुम्ही संध्याकाळची चिमूट पुन्हा सुरू करता का?"

"बंदीचा हुकूम तुझा होता. तो रद्द झाल्याचं लेखी दे."

मी फ्रिजवरच्या कागदावर तसे लिहून, खाली तारीख घालून सही केली. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, वही आणली, आणि काही वेळ आकडेमोड करून माझ्यापुढे सरकवली. बंदीच्या 123 दिवसांच्या, रोजी एक याप्रमाणे, 123 चिमट्यांची थकबाकी त्यांनी काढली होती आणि ती एकरकमी हवी, असा शेरा मारला होता. बरीच घासाघीस झाल्यावर आठवड्याला दोन याप्रमाणे हप्ते ठरले. या गुरुवारी एकोणिसावा हप्ता जमा झाला, आणि मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर हिरवे दिसू लागले आहे.