केलेब लव्हनं कुणाच्या घरचे वासे मोजले नाहीत

मार्च उजाडला की आमच्या अमेरिकेतल्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मूळचा इंग्रजी, कुणीतरी हौसेनं मराठीत उतरवलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आमच्या कॉलेज बास्केटबॉल टीमचा माजी खेळाडू केलेब लव्ह यानं २०२२ ची फायनल स्वतःच्या हातानं घालवली, पुढच्या वर्षी पहिल्या नंबरवर असलेली टीम बुडवली, मग पैशासाठी ॲरिझोना युनिव्हर्सिटीच्या टीमकडे पळाला, आणि तो जाताच टीम सुधारली, हाच पुरावा. शेवटी ठळक अक्षरांत: ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारा’.

मी नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या टीमचा माणूस. फिकट निळा टी-शर्ट, युनिव्हर्सिटीच्या गावी चॅपल हिलला वर्षातून दोन-तीन मॅचेस, बाकी टीव्हीवर आरडाओरडा. लव्हला शिव्या मीही घातल्यात, त्यामुळे मेसेजमागची चिडचिड कळते. पण त्यातला हिशेब चुकलाय.

जे या भागात राहत नाहीत त्यांच्यासाठी: चॅपल हिलपासून दहा मैलांवर डरहॅममध्ये ड्यूक युनिव्हर्सिटी आहे. इथे ऑफिसात नवीन माणूस आला की आडनावाआधी ‘ड्यूक की कॅरोलायना’ विचारतात. आणि मार्चमधली स्पर्धा म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या ६८ टीम्स, एक मॅच हरलात की घरी.

आता फायनल. मेसेजमध्ये आकडा बरोबर आहे: ४ एप्रिल २०२२ ला कॅन्ससविरुद्ध लव्हचे २४ पैकी फक्त ५ शॉट बास्केटमध्ये गेले, आणि शेवटचा बरोबरीचा थ्रीही (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) त्याचाच चुकला. आम्ही ७२-६९ नं हरलो. हाफटाइमला ४०-२५ नं पुढे असताना हरलो, म्हणून ते जास्तच झोंबलं. पण त्याच रात्री लव्हचा जोडीदार आर. जे. डेव्हिसचे १७ पैकी ५ गेले. अख्ख्या टीमचे ७३ पैकी २३. आमचा उंच खेळाडू अरमांडो बेकॉट दुखऱ्या पायावर खेळत होता आणि शेवटच्या मिनिटात त्याचा घोटा पुन्हा मुरगळला. हे सगळं गाळून एकट्या लव्हचा आकडा उरवायचा, याला हिशेब म्हणत नाहीत.

आणि त्या फायनलपर्यंत पोहोचलो कसे? आम्ही आठव्या मानांकनाची टीम होतो. यूसीएलएविरुद्ध मॅच हातातून चालली होती, तेव्हा लव्हनं ३० पॉइंट काढले, त्यातले २७ दुसऱ्या हाफमध्ये. मग २ एप्रिल, न्यू ऑर्लीन्स. ड्यूक आणि कॅरोलायना या स्पर्धेत समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ, आणि ड्यूकचे कोच माइक शेशेफ्स्की यांचा तो शेवटचा सीझन. साधारण पंचवीस सेकंद उरलेली, आम्ही एका पॉइंटनं पुढे. लव्हकडे बॉल. समोर ड्यूकचा सात फुटी मार्क विल्यम्स येऊन उभा राहिला. लव्हनं एकदा बॉल आपटला, पाय थ्रीच्या रेषेमागे ठेवले आणि त्या लांब हातावरून बॉल सोडला. ७८-७४. आमच्या दिवाणखान्यात त्या क्षणी कुणाच्या हातातला चहा सांडला ते अजून ठरलेलं नाही, पण सोफ्यावर डाग आहे. लव्हचे २८ पॉइंट, आम्ही ८१-७७ नं जिंकलो, आणि शेशेफ्स्कींची कारकीर्द आमच्याकडून हरून संपली. इथल्या कित्येकांना हा शॉट विजेतेपदापेक्षा मोठा वाटतो. (मलाही. फायनल हरलो तरी.) ज्या हातानं हे दिलं त्याच हातानं दोन दिवसांनी २४ पैकी १९ चुकवले. ग्रुपवरचा मेसेज यातली एकच रात्र लक्षात ठेवतो.

दुसरा आरोप २०२२-२३ च्या सीझनचा. इथे मेसेजचं बरंचसं खरं आहे, आणि मी वकिली करणार नाही. सीझनआधीच्या यादीत पहिल्या नंबरवर असलेली आमची टीम २०-१३ वर थांबली आणि स्पर्धेत तिला जागाच मिळाली नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ टीम्सची झाल्यापासून पहिल्या नंबरवरून सुरुवात करणाऱ्या कुठल्याही टीमवर ही वेळ आली नव्हती. लव्हचे थ्री तिसातले नऊही धड जात नव्हते आणि तरी तो मारत राहायचा. अलाबामाविरुद्ध चार ओव्हरटाइम चाललेल्या मॅचमध्ये त्यानं ३४ पॉइंट काढले, आम्ही दोन पॉइंटनं हरलो, आणि घरी बसून मी टीव्हीला सांगत होतो, अरे पास कर.

पण ‘बुडवली’ एकट्यानं? आदल्या वर्षी ज्याच्या लांबून मारलेल्या थ्रीमुळे बचाव पांगायचा तो ब्रेडी मॅनेक शिक्षण संपवून गेला होता. त्याच्या जागी आलेला पीट नॅन्स चांगला खेळाडू, पण वेगळ्या घडणीचा. बाकी चौघं तेच आणि डावही तोच. कोच ह्यूबर्ट डेव्हिस बेंचवरच्या राखीव खेळाडूंकडे क्वचित बघायचे. लव्हला मोकळे शॉट मिळेनात, तर तो अडलेले मारायला लागला. हा त्याचा दोष आहेच, पण त्याला रोखायचं काम ज्यांचं होतं त्यांचं नाव मेसेजमध्ये येत नाही.

‘पळाला’ या शब्दाचा मला खरा राग येतो. सेंट लुईसचा हा मुलगा २०२० मध्ये आला तेव्हा कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. वर्ष संपताच त्याला बोलावून आणणारे कोच रॉय विल्यम्स निवृत्त झाले. जायचंच असतं तर तेव्हा सबळ कारण होतं. शिवाय ट्रान्सफर केल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याचा नियमही त्याच महिन्यात सैल झाला. तो राहिला. तीन सीझन खेळला. गेला तेव्हा पहिली पसंती मिशिगनला होती, पण तिथे प्रवेशाचं घोडं अडलं, म्हणून ॲरिझोना. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याकडे थेट उडी मारणारा माणूस असा अडखळत जात नाही. त्याच उन्हाळ्यात पफ जॉन्सन, डॉनट्रेझ स्टाइल्स, टायलर निकेल हेही गेले. त्यांच्यावर कुणी मेसेज लिहिला?

आणि आपल्याकडे येणाऱ्यांचं काय? तो ब्रेडी मॅनेक, ज्याच्या दाढीवर आमचा जीव होता, ओक्लाहोमातून आलेला. लव्ह गेल्यावर आलेला हॅरिसन इंग्रॅम स्टॅनफर्डचा, कॉर्मॅक रायन नोत्र दामचा. हे आले की ‘टीम मजबूत झाली’, लव्ह गेला की बेइमानी. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

याहून मोठं उदाहरण तर स्टेडियममधल्या कोर्टावर लिहिलेलं आहे. रॉय विल्यम्स पंधरा वर्षं कॅन्ससचे कोच होते. २००० मध्ये कॅरोलायनानं बोलावलं, त्यांनी नाही म्हटलं, कॅन्ससवाले आनंदानं वेडे झाले. २००३ मध्ये कॅन्सस फायनल हरलं आणि काही दिवसांतच ते चॅपल हिलला आले. तिकडे ज्या मुलांना त्यांनी घरोघर जाऊन आणलं होतं ती मागे राहिली. इकडे आम्ही त्यांच्याबरोबर २००५, २००९ आणि २०१७ ची विजेतेपदं साजरी केली आणि कोर्टाला त्यांचं नाव दिलं. तेव्हा आमच्यातल्या कुणालाही वासे आठवले नाहीत. वीस-एकवीस वर्षांच्या मुलानं तेच केलं की आठवतात.

राहिला ‘पुरावा’. लव्ह गेला आणि २०२३-२४ मध्ये आमची टीम २९-८ झाली, लीगमध्ये पहिली आली, आर. जे. डेव्हिस लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खरं आहे. त्याच वर्षी लव्ह सामन्यामागे १८ पॉइंट काढून ॲरिझोनाच्या लीगचा, पॅक-१२ चा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. आदल्या वर्षी पहिल्याच फेरीत प्रिन्स्टनकडून हरलेली ती टीम शेवटच्या सोळात पोहोचली. मग नक्की सिद्ध काय झालं? एका म्यानात दोन तलवारी होत्या, वेगळ्या झाल्यावर दोन्ही चालल्या. डेव्हिसला बॉल हवा होता, लव्हलाही हवा होता, आणि बॉल एकच असतो.

त्याच वर्षीची २८ मार्चची रात्र तर या मेसेजवाल्यांनी जरूर आठवावी. लॉस एंजेलिस, एकच स्टेडियम, दोन मॅचेस. आमची टीम आणि ॲरिझोना, दोघी जिंकल्या असत्या तर दोन दिवसांनी समोरासमोर आल्या असत्या. आठवडाभर इथे सगळे तेच बोलत होते. आधी ॲरिझोना क्लेम्सनकडून हरली. लव्हनं नऊ थ्री मारले, एकही गेला नाही. ग्रुपवर लगेच हसणारे चेहरे आले, ‘बघा, तोच लव्ह’. मग आमची मॅच सुरू झाली अलाबामाविरुद्ध, ८९-८७ नं हरलो, आणि आमच्या लाडक्या डेव्हिसचे थ्री? नऊपैकी शून्य. एकूण २० पैकी ४. एकाच बास्केटखाली, काही तासांच्या अंतरानं, दोन जुन्या जोडीदारांचा तोच आकडा. त्या रात्री ग्रुपवर डेव्हिसबद्दल जे आलं ते मी स्क्रोल करून परत वाचलं: ‘पोरगं दमलं होतं’, ‘वर्षभर एकट्यानं ओढलं’, ‘होतं असं कधी कधी’.

होतं ना. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं.

ज्यांनी हा मेसेज गेल्या खेपेला पुढे ढकलला त्यांच्यापैकी एकाला मी चांगला ओळखतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲरिझोनानं ड्यूकला त्यांच्याच कॅमेरॉन स्टेडियममध्ये ७८-७३ नं हरवलं तेव्हा फटाक्यांचे इमोजी टाकणारा पहिला तोच होता. आणि २७ मार्च २०२५ ला, आमची टीम पहिल्याच फेरीत मिसिसिपीकडून हरून घरी बसलेली असताना, नेवार्कला ॲरिझोना विरुद्ध ड्यूक लागली. रात्री उशिराची मॅच, दुसऱ्या दिवशी ऑफिस. तरी तो आमच्याकडे आला, निळा टी-शर्ट घालून, चिवड्याची पिशवी घेऊन. लव्हचा कॉलेजमधला तो शेवटचा खेळ ठरला. एकामागून एक शॉट जायला लागले, आणि हा सोफ्यावरून उठून ओरडायला लागला, तोच डाग पडलेला सोफा. ड्यूक १००-९३ नं जिंकलं, पण लव्हनं ३५ काढले होते.

बायको झोपेतून उठून दारात आली. म्हणाली, “हा तर तुम्हाला सोडून गेलेला ना? मग कुणाच्या बाजूनं ओरडताय?”

“ड्यूकच्या विरुद्ध,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.