‘डबल ऑईल टाका, हाय स्क्रू आत घ्या’: जुन्या जेट स्कीच्या व्हायरल उपायांची तपासणी

सप्टेंबर उजाडला आणि बोटी पुन्हा पाण्यात उतरायला लागल्या की किनाऱ्यावरच्या ग्रुपांमध्ये तोच मेसेज फिरतो. ‘जुनी टू-स्ट्रोक जेट स्की पिकअप घेत नाही? मेकॅनिकला पैसे घालू नका.’ खाली सहा उपाय: प्लग बदला. ऑईल दुप्पट टाका. कार्ब्युरेटरचा हाय स्क्रू (जास्त वेगाला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) अर्धा आटा आत घ्या. कॉम्प्रेशन 120 पीएसआयच्या वर असेल तर इंजिन खोलू नका. नळ जोडून अर्धा तास रेस करा. पाणी शिरलं तर प्लग काढून दोन दिवस उन्हात वाळवा. आणि वर दिलासा, ‘काही नाही, आरएक्स100 चंच इंजिन आहे.’

या दिलाशापासूनच सुरुवात करू, कारण सगळे उपाय त्याच्या पोटातून निघालेत. आरएक्स100 हवेवर थंड होते आणि रस्त्यावर दर मिनिटाला थ्रॉटल बंद होतो, इंजिनाला उसंत मिळते. जेट स्कीला ती नाही. फुल थ्रॉटलवर ती सतत घाट चढतेय असं समजा, उतार कधी लागतच नाही. तिचा कार्ब्युरेटरही वेगळा. बाइकच्या कार्ब्युरेटरात वाटी आणि फ्लोट असतो. जेट स्की उडते, कलते, उलटते, म्हणून तिथे फ्लोट चालत नाही; पेट्रोल डायफ्रॅमवर आणि सुईच्या स्प्रिंगवर येतं. ती सुई किती दाबाला उघडते हे गेज लावलेल्या हातपंपानेच मोजावं लागतं. बाइकचा मेकॅनिक कितीही हुशार असो, फुंकर मारून हे कळत नाही.

प्लग. प्लगचा जास्तीचा जोड बोटीत ठेवा, हे मेसेजमधलं बरोबर. पण प्लगला हात लावण्याआधी एकच गोष्ट बघा: बोट ओढत नाही तेव्हा रेस चढते की नाही? रेस भरपूर चढते आणि बोट जागची हलत नाही, तर इंजिन बिचारं निर्दोष आहे. बोटीच्या तळाची जाळी बघा. आपल्याकडे निम्म्या वेळा तिथे जाळ्याचा तुकडा, नायलॉनची दोरी किंवा प्लास्टिकची पिशवी इम्पेलरला, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याला, गुंडाळलेली असते. (हात घालण्याआधी इंजिन बंद आणि किल-स्विचची दोरी काढलेली.) काही अडकलं नसेल तर इम्पेलर आणि त्याच्याभोवतीची वेअर रिंग यांच्यातली फट बघा. गुडघाभर पाण्यात, वाळूवरूनच स्टार्ट करायची सवय असेल तर ती रिंग रेतीने खाल्लेली असणार. याउलट रेसच चढत नसेल तर दुखणं इंजिनात, इंधनात किंवा करंटमध्ये. एवढी विभागणी केली तरी अर्धे प्लग फुकट बदलायचे वाचतील.

डबल ऑईल. हा सल्ला सगळ्यात सज्जन वाटतो. जुनं इंजिन आहे, थोडं जास्त तेल दिलं तर काय बिघडलं? यामाहाच्या जुन्या वेव्हरनरला 50 ला 1 हे प्रमाण असताना तुम्ही 25 ला 1 केलंत, तर जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल वाढलं आणि पेट्रोल घटलं. मिश्रण घट्टही झालं. म्हणजे हवेच्या हिशेबाने इंजिन थोडं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं, वर प्लग काळे आणि रिंगा कार्बनने चिकट. प्रमाणापेक्षा तेलाची जात महत्त्वाची. सी-डू या ब्रँडच्या रोटॅक्स इंजिनांना, विशेषतः एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारे रेव्ह व्हॉल्व्ह असलेल्यांना, एपीआय टीसी दर्जाचं तेल लागतं. आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू3 वेगळं. टपरीवर मिळेल ते ओतू नका.

हाय स्क्रू आत. खरं भांडण माझं याच्याशी आहे. स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी होतं. मिश्रण लीन झालं की पहिल्या फेरीला बोट खरोखर झणझणीत पळते, म्हणून हा उपाय व्हायरल झाला. लीन इंजिन सीझ होण्याच्या थोडं आधी सगळ्यात छान वाटतं. मग पिस्टनचा एक्झॉस्टकडचा कडेचा भाग वितळून सिलिंडरला पुसला जातो आणि गिऱ्हाईक मधोमध तरंगत बसतं.

शिवाय आजच्या काळात ही बोट आधीच लीनच्या बाजूला झुकलेली आहे. तिचे जेट बसवले गेले तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आता पंपावर ई20 मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच जेटवर मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं. त्यात इथेनॉल हवेतली ओल पितं. महाराष्ट्रात मेअखेर ते ऑगस्टअखेर वॉटर स्पोर्ट्स बंद. ते तीन महिने अर्धी भरलेली टाकी दमट शेडमध्ये उभी. ओल जास्त झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळे बसतात आणि सप्टेंबरात सेल्फ मारला की इंजिनाला आधी तेच जातं, ज्यात ऑईल जवळपास विरघळतच नाही. हंगाम संपताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणं हा खरा उपाय, पण तो फॉरवर्ड करायला चमचमीत नाही.

म्हणून पिकअप मरतो तेव्हा स्क्रूआधी पेट्रोलचा रस्ता तपासा. 1990 च्या दशकातल्या सी-डूंवर करड्या रंगाच्या इंधननळ्या यायच्या. त्या आतून सुटून हिरवट चिकट लगदा होतो आणि कार्ब्युरेटरच्या आतल्या नखाएवढ्या जाळीत जाऊन बसतो. बाहेरचा फिल्टर लख्ख, आतली जाळी बंद. अशी नळी दिसली तर सगळ्या बदला, तुकडा नको. टाकीचा कॉकही बघा: ‘ऑन’वर बोट गुदमरते आणि ‘रिझर्व्ह’वर नीट पळते, तर कॉक किंवा टाकीतली नळी दोषी. आणि एक झटपट परीक्षा, मोकळ्या पाण्यात: बोट दबली त्या क्षणी चोक किंचित ओढा. इंजिन उचललं, तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बसलं, तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा कारण दुसरं.

कॉम्प्रेशन 120. आकडा मोजा, जरूर मोजा. दोन्ही प्लग काढून, प्लगच्या वायरी अर्थ करून (नाहीतर स्पार्क देणारा सीडीआय बॉक्स जायचा), थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, चार्ज झालेल्या बॅटरीवर. दोन सिलिंडरांतला फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत हवा. एकात 150 आणि दुसऱ्यात 120 असेल, तर त्या 120 वर समाधान मानण्यात अर्थ नाही.

पण टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या बंद खोलीतून, जातं आणि कॉम्प्रेशन गेजला क्रँककेस दिसतच नाही. क्रँकचं ऑईल सील कडक झालं किंवा खालचं पॅकिंग सुटलं की तिथून हवा आत येते. कॉम्प्रेशन उत्तम आणि इंजिन लीन! खूण ओळखीची: थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, कधी आपोआप चढते. अशी बोट त्याच दिवशी उभी करा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सहा-सात पीएसआय हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधायचे. ही परीक्षा न करता नवा पिस्टन टाकला तर तोही त्याच वाटेने जातो.

नळावर अर्धा तास. क्रम आधी लक्षात ठेवा: पहिल्यांदा इंजिन चालू, मग नळ, बंद करताना पहिल्यांदा नळ, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून मागे येऊन सिलिंडरात बसतं. आणि नळाचं पाणी इंजिनाला मिळतं, ड्राइव्ह शाफ्टच्या कार्बन सीलला नाही. सी-डूमध्ये ते सील बोट पाण्यात असेल तरच थंड राहतं. मीठ धुवायला दोन-चार मिनिटं पुरतात, तीही आयडलवर. शिवाय जमिनीवर इम्पेलरवर भारच नसतो, त्यामुळे पिकअपचं दुखणं तिथे कळायची सोयच नाही.

उन्हात वाळवा. खारं पाणी शिरल्यावर क्रँकच्या बेअरिंगला गंज धरायला एक रात्र पुरते. त्यामुळे घाई करायची ती इथे. दोन्ही प्लग काढा, वायरी अर्थ करा, तोंड बाजूला ठेवून सेल्फ मारा. पाणी पिचकारीसारखं उडतं. टाकीत किंवा कार्ब्युरेटरात पाणी असेल तर तेही काढा. सिलिंडरात थोडं टू-स्ट्रोक ऑईल, नवे प्लग, ताजं पेट्रोल, आणि त्याच दिवशी बोट पाण्यात घालून इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवा. उलटलेली बोट सरळ करताना मागच्या स्टिकरवर बाण असतो, त्याच दिशेला फिरवा. विरुद्ध फिरवली की एक्झॉस्टच्या वॉटर बॉक्समधलं पाणी इंजिनाकडे येतं. बंद बोट ओढून आणायची तर अगदी हळू, किंवा कूलिंगची पाण्याची नळी चिमटवून. दोन दिवस वाळत घातलेल्या इंजिनाचं मात्र शेवटी क्रँकसकट खोलणं होतं, आणि बंद झालेल्या मॉडेलचा क्रँक मिळवणं हे त्या सगळ्या प्लगांपेक्षा कितीतरी महागात जातं.