कोट्यातलं मिळतं म्हणे!

काल एका सरकारी कंपनीच्या खरेदी विभागात डांगऱ्यांचे, म्हणजे कामगारांच्या अंगभर कपड्यांचे, नमुने द्यायला गेले होते. भोसरीत माझं शिलाई युनिट आहे. पिशवीतून नमुने काढेपर्यंत साहेब म्हणतात, "तुमचं बरंय मॅडम, तुम्हाला कोट्यातलं मिळतंच!"

डोकंच फिरलं. काय मिळतं हो? केंद्राचं 2012 चं खरेदी धोरण आहे. त्यात आता खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के माल छोट्या उद्योगांकडून घ्यायचा. त्यातच 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि 3 टक्के आम्हा बायकांकडून. शंभरातले तीन रुपये! त्यावर एवढी पोटदुखी?

बरं, तेही फुकट नाही. सगळ्यांत कमी भाव मोठ्या पार्टीचा आला आणि माझा त्याच्यावर 15 टक्क्यांच्या आत असला, तर मला विचारणार, "त्याच भावात देता का?" म्हणजे तो मिलमधून कापडाच्या गाठी उचलणार, मी उधारीवर दहा तागे आणणार, आणि भाव दोघांचा एकच. ईएमडी, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत रक्कम, माफ असते, एवढं मात्र खरं. पण बिल 45 दिवसांत द्यायचं हाही कायदाच आहे ना? माझं मागचं बिल चार महिने झाले तरी अडकलंय. व्याज मागितलं तर पुढच्या वेळी नमुन्याची शिवण वाकडी निघायची, म्हणून गप्प बसते.

आणि ज्यांच्यावर ओरडायला हवं त्यांना कोणी काही बोलत नाही. बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. धंदा यांचा, फोन यांचे, फक्त 51 टक्के हिस्सा बायकोच्या नावावर. बाईंच्या डिजिटल सहीचा डोंगल यांच्या गाडीच्या किल्लीला लटकलेला, गणपतीच्या किचेनशेजारी! "वहिनी नाही आल्या?" मी मुद्दाम विचारलं. "तिला काय कळतंय यातलं," म्हणाले, अगदी हसत. यांना मिळालेली ऑर्डरही महिलांच्या 3 टक्क्यांतच मोजली जाणार, साहेबांचा आकडा पूर्ण होणार, आणि टोमणे मी ऐकायचे.

निघताना मलाच विचारतात, "तुमचे मिस्टर नाही दिसले कुठे?"